पाठीवरचं ओझं कॅरिअरवर

सकाळी नऊच्या सुमारास पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या रस्त्यावर सायकलवरून सामान नेण्याच्या दोन तऱ्हा दिसतात. गिअरच्या सायकलवरून हेल्मेट घालून ऑफिसला निघालेल्यांच्या पाठीवर सॅक असते, आणि सॅकखालचा शर्ट भिजलेला असतो. ज्यांचं पोटच सायकलवर आहे, त्यांच्या पाठीवर मात्र काही नसतं. दूधवाल्याच्या किटल्या कॅरिअरच्या दोन्ही अंगांना लटकतात. पेपरवाल्याचा गठ्ठा कॅरिअरवर ट्यूबच्या पट्टीने आवळलेला असतो. मुंबईत 1890 मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली डबेवाल्यांची सेवा आजही लोकल आणि सायकल यांच्या जोरावर चालते, आणि तिथल्या सायकलींवर डबे दोन्ही बाजूंना तोलून टांगलेले असतात. गोव्यातला पोदेर पावांनी भरलेली बांबूची मोठी टोपली कॅरिअरवर बांधतो, वर निळं प्लॅस्टिक घालतो आणि हॉर्न वाजवत वाडे पालथे घालतो. रोज ओझं वाहणाऱ्या या सगळ्यांनी ते सायकलवर सोपवलं आहे. ऑफिसला जाणाऱ्यांनीही तेच करावं, असं माझं ठाम मत आहे. कसं करावं, ते मात्र जरा तपशिलात सांगावं लागेल, कारण चुकीची बॅग घेतली की माणूस महिनाभरात परत सॅककडे वळतो.

आधी आपण रोज नेमकं काय नेतो त्याचं वजन करून बघावं. लॅपटॉप आणि चार्जर मिळून दोन किलोच्या आसपास. जेवण भरलेला तीन पुडांचा स्टीलचा डबा किलो-सव्वा किलो. लिटरभर पाणी, रेनसूट, बदलायचा शर्ट, सायकलचं कुलूप. सहा-सात किलो सहज होतात. चालताना चांगली सॅक यातला बराच भार कमरेवर आणि पायांवर उतरवते. सायकलवर आपण पुढे झुकलेले असतो. मग पट्टे खांद्यांत रुततात, मान वर ठेवायला जास्त जोर लागतो आणि वजनाचा एक वाटा तळहातांवर येतो. अर्ध्या तासानंतर बोटांना मुंग्या येतात, त्याला हँडलची उंची जशी कारण असते तशीच ही सॅकही असते.

घामाचं गणित याहून महत्त्वाचं आहे. शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. एक ग्रॅम घाम वाळताना शरीरातली सुमारे 2,400 ज्यूल उष्णता घेऊन जातो. पाठीचा एवढा मोठा, भरपूर घाम येणारा सलग भाग सॅकने झाकला की तिथला घाम वाळायचा थांबतो आणि नुसता ओघळत राहतो. शरीर तापतं, म्हणून आणखी घाम येतो. पाठीला जाळी लावलेल्या सॅक निघाल्या आहेत, त्यांनी थोडा फरक पडतो. एप्रिलमधल्या पुण्यात किंवा बाराही महिने दमट असलेल्या मुंबईत तो पुरेसा नाही. सॅक उतरवून सायकल चालवली की पहिल्याच दिवशी पाठीला वारा लागतो. कॅरिअरला लटकणारी बॅग वापरायला लागलेले बहुतेक लोक सर्वांत आधी हेच सांगतात.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. सामान पाठीवरून कॅरिअरवर गेलं म्हणून चढ सोपा होत नाही. माणूस, सायकल आणि सामान यांचं एकूण वजन तेवढंच राहतं, आणि गुरुत्वाकर्षणाला ते कुठे ठेवलंय याच्याशी देणंघेणं नसतं. 75 किलोचा माणूस आणि 15 किलोची सायकल असेल, तर सहा किलो सामानाने चढावरची मेहनत साधारण सहा-सात टक्क्यांनी वाढते, मग ते कुठेही असो. सपाट रस्त्यावर तर हा फरक जाणवतही नाही. म्हणून बॅग निवडताना तिचं स्वतःचं वजन दोन-तीनशे ग्रॅम इकडे की तिकडे, यावर फार डोकं शिणवू नये.

सॅकची एक बाजू खरी आहे आणि ती मान्य करायला हवी. खड्डा दिसला की आपण सीटवरून किंचित उठतो, गुडघे सैल सोडतो आणि धक्का पायांत जिरवतो. पाठीवरचा लॅपटॉपही त्या धक्क्यातून वाचतो. कॅरिअरवरच्या बॅगेला मात्र प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक गतिरोधक थेट चाकातून पोचतो. त्यामुळे अंतर दोन-तीन किलोमीटर असेल, किंवा घर ते स्टेशन सायकल आणि पुढे लोकलची गर्दी असा प्रवास असेल, तर सॅकच बरी. तिरकी, एका पट्ट्याची मेसेंजर बॅगही दिसते. ती कुरिअरवाल्यांसाठी घडली. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये 1989 साली रॉब हनीकट या कुरिअरवाल्याने ज्या बॅगा शिवायला सुरुवात केली, त्यांचीच पुढे टिंबकटू ही कंपनी झाली. दर काही मिनिटांनी पाकीट काढायचं असतं, तेव्हा बॅग पोटावर फिरवून उघडता येणं मोलाचं ठरतं. दिवसातून दोनदा बॅग उघडणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही, आणि सगळं वजन एका खांद्यावर येतं ते वेगळंच.

आता सायकलवर सामान ठेवायच्या जागा पाहू. सर्वांत सोपी आणि सर्वांत धोक्याची जागा म्हणजे हँडल. भाजीची पिशवी, टिफिनची पिशवी, दळणाचा डबा हँडलला अडकवून जाणारे आपण रोज बघतो. पिशवी लटकत असते आणि पेडल मारताना हँडल डावी-उजवीकडे थोडं हलतच असतं. पिशवी झोका घेते आणि एखाद्या खड्ड्यापाशी पुढच्या चाकात जाते. स्पोक पिशवीला ओढत नेतात, पिशवी फोर्कला जाऊन अडकते आणि चाक जागच्या जागी थांबतं. मागचं चाक उचललं जातं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. यात वेग जास्त असावा लागत नाही आणि सावरायला वेळही मिळत नाही. डबेवाले हँडललाही डबे टांगतात हे खरं, पण त्यांची चाल धिमी असते आणि वर्षानुवर्षांचा सराव असतो. बाकीच्यांनी हँडलला लोंबती पिशवी कधीही अडकवू नये.

पुढची जाळीची टोपली हा वेगळा प्रकार. लेडीज सायकलला ती असतेच, आणि दोन-तीन किलोपर्यंत ती फार सोयीची आहे. पर्स, छत्री, कोथिंबिरीची जुडी, सगळं डोळ्यांसमोर राहतं. वजन वाढलं की हँडल जड होतं, वळवायला जोर लागतो आणि वळलेलं हँडल सरळ करायलाही. स्टँडवर लावली की पुढचं चाक आपोआप एका बाजूला कलंडतं आणि सायकल पडते. टोपलीला खालून चाकाच्या अक्षापर्यंत जाणाऱ्या दोन सळ्या असतील तर ती टिकते. नुसती हँडलला पट्ट्यांनी बांधलेली टोपली काही महिन्यांत खाली झुकून मडगार्डवर घासायला लागते. लंडनमध्ये तयार होणाऱ्या ब्रॉम्प्टन या घडीच्या सायकलने यावर छान तोड काढली आहे. तिची पुढची बॅग हँडलवर बसत नाही, सायकलच्या सांगाड्यावर बसते. हँडल वळलं तरी बॅग सरळच राहते, त्यामुळे भरपूर सामान असूनही सायकल हलकी वळते.

उरलं मागचं चाक. माणसाचं वजनही जास्त करून मागच्याच चाकावर असतं, आणि जुन्या काळ्या सायकली बनवणाऱ्यांनी ते ओळखलं होतं. त्या सायकलींच्या पुढच्या चाकाला 32 आणि मागच्याला 40 स्पोक असायचे. कॅरिअरवर पोतं टाकलं, वर एक माणूस बसवला, तरी ते चाक तग धरायचं. आजच्या हायब्रिड सायकलींना मागे 32 किंवा 36 स्पोक असतात, काहींना 28. ऑफिसच्या सहा-सात किलोला ते पुरतात. मात्र सामान न्यायला लागल्यावर मागच्या टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवावी. हवा कमी असलेल्या टायरवर वजन आलं की खड्ड्यात ट्यूब रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. आणि वर्षातून एकदा दुकानात चाकाचा आऊट काढून घ्यावा.

बॅगेच्या आधी कॅरिअर घ्यायचं असतं. हा क्रम बहुतेक लोक उलटा करतात. बॅग आवडली म्हणून घेतात आणि मग आपल्या सायकलला कॅरिअरच बसत नाही हे कळतं. सायकलच्या मागच्या अक्षाजवळ, सांगाड्यावर, आटे पाडलेली लहान भोकं आहेत का ते बघावं. सीटखाली, वरच्या बाजूलाही तशी दोन भोकं असतात. ही चारही भोकं असतील तर प्रश्नच नाही; तिथे साधारणपणे 5 मिलिमीटरचे बोल्ट लागतात आणि ते 4 मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने आवळले जातात. भोकं नसतील तर नळीभोवती बसणाऱ्या रबरी अस्तराच्या क्लिपा मिळतात, त्यावर काम भागतं. डिस्क ब्रेक असेल तर डाव्या बाजूला ब्रेकचा भाग आडवा येतो, म्हणून कॅरिअरचा पाय थोडा बाहेर काढणारी पुरवणी लागते. मागे शॉकअप असलेल्या सायकलला नेहमीचं कॅरिअर बसत नाही, कारण तिचं मागचं चाक सीटच्या तुलनेत वर-खाली होतं. फक्त सीटच्या दांड्याला एका क्लॅम्पने लागणारं कॅरिअरही मिळतं. दुकानदार ते आनंदाने बसवून देतात, पण त्याची मर्यादा बहुधा 10 किलोच्या आत-बाहेर असते, आणि धक्क्यांनी ते डावी-उजवीकडे फिरतं. बाजूला बॅगा लटकवायला ते कामाचं नाही.

चार पायांवर घट्ट बसलेल्या कॅरिअरवर बहुतेक वेळा 25 किलो असा आकडा उठवलेला असतो. ऑफिसच्या सामानासाठी तो भरपूर झाला. अ‍ॅल्युमिनियमचं कॅरिअर हलकं असतं आणि गंजत नाही. लोखंडी जड असतं, पण मोडलं तर कुठल्याही गावातला वेल्डर ते जोडून देतो. अ‍ॅल्युमिनियम जोडणारा कारागीर शोधत फिरावं लागतं. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहणाऱ्याने अ‍ॅल्युमिनियम घ्यावं, घाटावरच्या खडबडीत रस्त्यांवरून जाणाऱ्याने लोखंडी घेतलं तरी चालेल. कॅरिअर घेताना त्याच्या बाजूच्या सळीची जाडी आवर्जून मोजावी. बाजूला लटकणाऱ्या बॅगांचे हुक साधारण 8 ते 16 मिलिमीटर जाडीच्या सळीसाठी बनवलेले असतात. काळ्या सायकलच्या रुंद पट्टीच्या कॅरिअरवर यातले बरेचसे हुक बसतच नाहीत.

कॅरिअरच्या वर सामान बांधणं ही आपली पिढीजात पद्धत. चपटं, हलकं काही असेल तर ती आजही उत्तम आहे. सामान उंच झालं की दोन अडचणी येतात. वजनाचा मध्य वर जातो आणि थांबताना सायकल एका बाजूला ओढते. आणि चढता-उतरताना पाय मागून फिरवता येत नाही. साडी नेसणाऱ्या बायकांनी आणि गुडघे दुखणाऱ्यांनी याचा विशेष विचार करावा. बांधायला इलॅस्टिकच्या हुकवाल्या दोऱ्या वापरतात, पण हुक हातातून सुटला तर ताणलेल्या दोरीसकट चेहऱ्याकडे येतो, आणि सैल राहिलेलं टोक फ्रीव्हीलमध्ये गुंतलं तर मागचं चाक अडकतं. जुनी ट्यूब उभी कापून केलेली पट्टी याहून चांगली. तिला हुक नसतो, ती कापडावर घसरत नाही आणि पंक्चरवाल्याकडे फुकट मिळते.

कॅरिअरच्या बाजूला लटकणारी बॅग म्हणजे पॅनिअर. ऑफिसला जाणाऱ्यासाठी माझी पहिली पसंती हीच, आणि तीसुद्धा एकच, साधारण 20 लिटरची. सामान चाकाच्या बाजूला, कॅरिअरच्या खाली येतं, त्यामुळे सायकल स्थिर राहते आणि सीटवर चढताना पाय अडत नाही. ट्रॅफिकमध्ये बॅग घासेल अशी भीती बऱ्याच जणांना वाटते. कॅरिअरची रुंदी 13 सेंटिमीटर आणि दोन्ही बाजूंच्या बॅगा प्रत्येकी 17 धरल्या, तरी एकूण 47 सेंटिमीटर होतात. साध्या सरळ हँडलची रुंदी 60 सेंटिमीटरच्या वर असते. जिथून हँडल जातं तिथून बॅगा जातात. फक्त वळताना मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आतून वळतं, तेवढं फुटपाथच्या कडेला ध्यानात ठेवावं.

एकाच बाजूला पाच-सहा किलो लटकवले तर सायकल तिकडे झुकेल, हीदेखील शंका असते. चालवायला लागल्यावर शरीर नकळत केसभर कलून ते सावरतं आणि दोन दिवसांत त्याचा विसर पडतो. अडचण येते ती उभी करताना. आपल्याकडच्या साइड स्टँडवर सायकल डावीकडे कलते. बॅगही डावीकडे असेल तर वजन स्टँडच्या पलीकडे जातं आणि वाऱ्याच्या झोताने सायकल आडवी होते. म्हणून एकच बॅग असेल तर ती उजवीकडे लावावी, किंवा मागच्या चाकाखालचा दोन पायांचा स्टँड बसवून घ्यावा.

दुकानात बॅग बघायला जाताना सायकल घेऊनच जावं, आणि पायात रोजचे बूट असावेत. पेडलच्या मधल्या अक्षापासून मागच्या चाकाच्या अक्षापर्यंतचं अंतर रेसिंगच्या सायकलींमध्ये 41-42 सेंटिमीटर असतं, लांब प्रवासाच्या सायकलींमध्ये 44 ते 46. हे चार सेंटिमीटर फार मोलाचे. अंतर कमी आणि बूट मोठा असेल, तर पेडल मागे येताना प्रत्येक वेळी टाच बॅगेवर आपटते. सुरुवातीला ते किरकोळ वाटतं, पण किलोमीटरभरात असह्य होतं. बॅग लावून, सीटवर बसून, पेडल उलटं फिरवून बघावं. टाच लागत असेल तर हुक मागे सरकवता येतात का ते पाहावं, नाहीतर पुढचा खालचा कोपरा तिरका कापलेली बॅग घ्यावी.

त्यानंतर हुक बघावेत. बॅगेची खरी परीक्षा तिथेच होते. साध्या बॅगांना वर दोन उघडे हुक असतात आणि खाली इलॅस्टिकला लावलेला एक आकडा. गुळगुळीत रस्त्यावर त्या चालतात. आपल्या रस्त्यांवर बॅग उसळते, हुक सळीवरून वर उचलला जातो आणि बॅग एका हुकावर लोंबते. चांगल्या बॅगेचे हुक सळीखाली आपोआप बंद होतात आणि वरचा पट्टा ओढला की उघडतात. म्हणजे उचलायला हात घातला की बॅग सुटते, खालून धक्का बसला की सुटत नाही. दुकानातच बॅगेत पाच-सहा किलो वजन घालावं, बॅग लावावी, मागचं चाक वीतभर उचलून चार-सहा वेळा जमिनीवर सोडावं आणि कान देऊन ऐकावं. खडखड आवाज आला तर हुक सळीपेक्षा मोठे आहेत. हुकात बसवायच्या बारीक प्लॅस्टिकच्या पट्ट्या बॅगेबरोबर आलेल्या असतात, त्या बसवल्या की आवाज थांबतो. तो आवाज सहन करून चालवत राहिलं तर काही महिन्यांत प्लॅस्टिक आणि त्यात बसलेली धूळ मिळून अ‍ॅल्युमिनियमची सळी खरवडून पातळ करतात.

आता पाऊस. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर सायकल चालवायची असेल तर बॅगेचा निर्णय पावसावरच ठरतो. सॅकला वरून घालायचं रेनकव्हर असतं, तसंच पॅनिअरलाही मिळतं. पण सायकलवर पाणी वरून येतं त्याहून जास्त खालून येतं. मागचं चाक चिखलाचं पाणी उडवतं, शेजारून जाणारी गाडी डबक्यातलं पाणी फेकते, आणि कव्हरच्या तळाशी ते साठून राहतं. वरून कोरडी दिसणारी बॅग आत खालून भिजलेली निघते. म्हणून पूर्ण लांबीचं मडगार्ड लावणं हा बॅग कोरडी ठेवण्याचा पहिला उपाय आहे. गिअरच्या बऱ्याच सायकली मडगार्डशिवाय विकल्या जातात. ते वेगळं घ्यायलाच हवं.

सायकलच्या बॅगांचा इतिहासही पावसानेच घडवला. इंग्लंडात लँकाशायरमधल्या नेल्सन या कापड गिरण्यांच्या गावात विल्फ कॅराडाइस यांनी 1932 मध्ये जाड, घट्ट विणीच्या सुती कापडाच्या बॅगा करायला सुरुवात केली. सुती धागा भिजला की फुगतो आणि विणीतली भोकं बुजतात, हे त्या कापडाचं मर्म. त्या बॅगा आजही होतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. इंग्लंडमधल्या पावसानंतर वारा सुटतो आणि कापड वाळतं. आपल्याकडे कोकणात किंवा मावळात चार महिने काहीच वाळत नाही, आणि ओल्या सुती कापडावर बुरशी चढते. घाटाच्या पूर्वेला, कमी पावसाच्या गावांत सुती बॅग उत्तम. कोकणासाठी मी ती सुचवणार नाही.

पुढचा टप्पाही इंग्लंडच्या पावसातच आला. हार्टमुट ऑर्टलिब हा जर्मन तरुण 1981 मध्ये तिथे सायकलने फिरत असताना त्याचं सगळं सामान भिजलं. शेजारून एक ट्रक गेला, त्यावर ताडपत्री घातलेली होती आणि आतला माल कोरडा होता. परत गेल्यावर त्याने ट्रकच्या ताडपत्रीचीच बॅग केली आणि 1982 मध्ये स्वतःची कंपनी काढली. त्या बॅगांमध्ये दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या. त्यांचे जोड शिवलेले नसतात, उष्णतेने एकजीव केलेले असतात. कारण सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत शिरतं. आणि त्यांना झिप नसते. तोंडाच्या कडा एकमेकींवर ठेवून तीन-चार वेळा गुंडाळायच्या आणि बक्कल लावायचं, एवढंच. आज जगभरच्या बऱ्याचशा जलरोधक बॅगा याच रीतीने बनतात.

अशा बॅगेवर आयपी 64 असं काही लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा धुळीचा: 6 म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा पाण्याचा: 4 म्हणजे कुठल्याही दिशेने उडालेलं पाणी आत येत नाही. पाण्यात बुडवणं यात धरलेलं नाही. 700 सी चाकाच्या सायकलवर कॅरिअर जमिनीपासून साधारण 72 ते 75 सेंटिमीटरवर असतं आणि बॅग 40-42 सेंटिमीटर उंचीची. म्हणजे बॅगेचा तळ रस्त्यापासून जेमतेम 30 सेंटिमीटरवर येतो. गुडघाभर पाणी तुंबलेल्या रस्त्यावर तो बुडतो. तिथे सायकल ढकलायच्या आधी बॅग काढून खांद्याला लावावी.

कापडावर 600 डी, 1000 डी असे आकडे दिसतात. ते डेनिअरचे. त्या धाग्याच्या 9,000 मीटर लांबीचं वजन जितके ग्रॅम, तितका डेनिअर. आकडा मोठा तितका धागा जाड, पण जाड म्हणजे जलरोधक असं मुळीच नाही. पाणी अडवतो तो आतला लेप. स्वस्त पॉलिएस्टर बॅगांना बहुधा पॉलियुरेथेनचा लेप असतो, आणि दमट हवेतली वाफ तो हळूहळू फोडत जाते. दोन-तीन पावसाळ्यांनंतर कपाटातून काढलेली बॅग आतून चिकट लागते, आंबूस वास येतो आणि पापुद्रे सुटून कपड्यांना चिकटतात. बॅग न वापरता नुसती ठेवली तरी हे होतं. ताडपत्रीला पीव्हीसीचा जाड थर असतो आणि तो दमट हवेत कितीतरी जास्त टिकतो. किनारपट्टीवर राहणाऱ्याने जुनी, दुकानात पडून राहिलेली बॅग सवलतीत मिळाली तरी आत हात घालून अस्तर चोळून बघितल्याशिवाय घेऊ नये.

बॅग खरंच कोरडी राहते का, हे घरीच कळतं. आत वर्तमानपत्राचे कागद भरावेत, बॅग सायकलला लावावी, आणि पाइपने सगळीकडून, विशेषतः खालून आणि मागून, पाच मिनिटं पाणी मारावं. कागदावर ओल कुठे आली ते पाहिलं की गळकी शिवण सापडते. शिवलेली बॅग असेल तर आत जाड पॉलिथिनची मोठी पिशवी घालून तिचं तोंड दोनदा गुंडाळावं. लॅपटॉपला तरी हे अस्तर नेहमी द्यावं, बॅग कितीही भारी असली तरी.

बॅग भरण्याचीही रीत आहे. जड वस्तू तळाशी आणि चाकाच्या बाजूला. लॅपटॉप मात्र तळाला टेकू देऊ नये. बोटभर जाडीचा फोम किंवा घडी घातलेला टॉवेल खाली ठेवून त्यावर, जाड कव्हरमध्ये, तो उभा ठेवावा. डबा पूर्ण उभा राहील अशा बॅगेचाच विचार करावा. वर चांगली रुंद दिसणारी आणि खाली निमुळती होत गेलेली बॅग डब्याला कुचकामी, कारण तो तिरका होतो आणि आमटी वाट काढते. आमटी किंवा ताक असेल तर डबा वेगळ्या पिशवीत घालून, घट्ट बांधून, लॅपटॉपच्या विरुद्ध बाजूला ठेवावा. रेनसूट सगळ्यांत वर हवा, किंवा बाहेरच्या खिशात. पावसाची सर आल्यावर रस्त्याच्या कडेला उभं राहून बॅग पूर्ण उपसायची वेळ आली, तर जलरोधक बॅगेचा उपयोग तिथेच संपतो.

सायकलवरून उतरल्यावरही बॅग हातातच असते, हे खरेदी करताना सुचत नाही. ती पार्किंगमध्ये सोडता येत नाही. ऑफिसच्या जिन्यावरून, लिफ्टमधून, कँटीनपर्यंत ती बरोबर असते. तिचे हुक मांडीला टोचतात आणि चाकाच्या बाजूचा चिखल पँटला लागतो. म्हणून खांद्याचा पट्टा असलेली, आणि उचलल्यावर हुकांची बाजू बाहेर राहील अशी बॅग घ्यावी. बॅगेच्या मागे उजळणारी पट्टी असावी, आणि भरलेल्या बॅगेआड सायकलचा मागचा लाल दिवा झाकला जात नाही ना, हे दुसऱ्या कुणाला मागे उभं करून बघून घ्यावं. डिसेंबरात संध्याकाळी सहानंतर अंधार लगेच दाटतो, आणि झाकलेला दिवा नसल्यासारखाच.

बाजारातल्या जलरोधक बॅगा महाग आहेत, हे मला मान्य आहे. पण ज्या ताडपत्रीपासून हा सगळा प्रवास सुरू झाला, ती आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी मिळते आणि ती शिवणारे कारागीरही तिथेच असतात. ट्रकच्या हुडाचं काम करणाऱ्याकडे कॅरिअरचं माप घेऊन जावं. 42 सेंटिमीटर उंचीची बॅग हवी असेल तर कापड 60 ते 65 सेंटिमीटर उंच सांगावं, म्हणजे तोंड गुंडाळायला तीन वेढे मिळतात. तळ आणि बाजू एकाच अखंड तुकड्यातून काढायला सांगाव्यात, म्हणजे तळाशी शिवणच राहत नाही. चाकाच्या बाजूला आत पातळ प्लायवूड किंवा कडक प्लॅस्टिकची पाटी हवी, नाहीतर सैल कापड फुगून स्पोकमध्ये जातं. हुक सुटे विकत मिळतात. ते पाटीतून आरपार नट-बोल्टने बसवावेत आणि आतून मोठे वॉशर घालावेत. उरलेल्या शिवणींवर आतून ताडपत्री जोडायचं सोल्यूशन लावून पट्टी चिकटवून घ्यावी. ही बॅग दिसायला साधी असते, पण पाऊस नेटाने अडवते आणि फाटली तर त्याच दुकानात ठिगळ लागतं.

बॅग विकतची असो की शिवून घेतलेली, कॅरिअर नवं असेल तर पहिल्या आठवड्यानंतर त्याचे सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत. नवीन बोल्ट धक्क्यांनी बसतात आणि सैल होतात, आणि त्यातला एक जरी गळून पडला तरी कॅरिअरचा पाय चाकात जातो. अ‍ॅलन की आणि दोन जादा बोल्ट बॅगेच्या छोट्या खिशात कायमचे ठेवून द्यावेत.